साहेबांच्या टेबलावरचा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यावरची अक्षरे झिजली आहेत, कडेला चहाचा डाग आहे आणि मी एका माणसाचा सूड घेतला आहे. त्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी आलो. बाईंना दिसत नाही. संगणक पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवी आणि बाई माझ्यावर बोटे चालवत. माउस त्यांच्या काही कामाचा नाही. बाण कुठे आहे तेच दिसत नसेल तर तो फिरवून काय करायचे? प्रश्नपत्रिका, भाचीला पत्रे, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सारे माझ्यावरच झाले. "हा माझा उजवा हात," असे त्या सर्वांना सांगत. मी फुशारून जाई.

मग नगरपालिकेने शाळेसमोरच्या सिग्नलचा टिकटिक आवाज बंद करायचे ठरवले. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना म्हणे त्याचा त्रास होतो. त्याच आवाजावर बाई रोज रस्ता ओलांडतात! हरकती फक्त वेबसाइटवर घेणार होते. बाईंनी खणखणीत हरकत लिहिली, पण पाठवायचे बटण काही सापडेना. संगणक नुसता म्हणे, "चित्र. चित्र. चित्र." त्यातलेच एक चित्र म्हणजे ते बटण होते आणि ते फक्त माउसने दाबले जाई. मी जिवाचे रान केले, पण व्यर्थ.

बाईंनी वेबसाइट सांभाळणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"आमची साइट एकदम सोपी आहे हो," साहेब म्हणाले. "घरातल्या कुणाला तरी सांगा ना. एक क्लिक तर करायचंय!"

बाई एकट्या राहतात. फोन ठेवून त्या पुन्हा माझ्यावर बटण शोधायला लागल्या आणि लिहिलेली हरकतच पुसली गेली. तेव्हापासून मी त्या माणसावर डूख धरला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नगरपालिकेची जाहीर सभा होती. बाई मला पिशवीत घालून तिथे गेल्या. साहेब वेबसाइटचे गोडवे गात होते. बाई उठून म्हणाल्या, "मग माझी हरकत तुम्हीच पाठवून दाखवा. पण माझ्यासारखी."

सभा चालवणाऱ्या अध्यक्षबाईंनी होकार दिला. माउस काढला, मला जोडले, बाईंची हरकत साइटवर लिहून घेतली, साहेबांसमोरचा पडदा बंद केला आणि संगणकाचा आवाज सुरू केला. मागचा मोठा पडदा मात्र सभेला दिसत होता.

साहेबांनी एक कळ दाबली. "चित्र." पुन्हा दाबली. "चित्र." त्यांच्या बोटांना घाम फुटला. तो घाम मला अत्तरासारखा वाटला.

"अहो, जरा माउस द्या ना," साहेब कुजबुजले.

"घरातल्या कुणाला तरी सांगा ना," बाई म्हणाल्या. सभेत खसखस पिकली.

गडबडीत साहेबांचे बोट भलतीकडे पडले आणि लिहिलेले सगळे पुसले गेले.

"गेलं सगळं!" ते ओरडले.

"माझंही असंच जायचं," बाई शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी तिथेच निर्णय दिला. ही वेबसाइट न पाहता वापरता येईपर्यंत हरकतींची मुदत संपणार नाही आणि सिग्नलला कुणी हात लावायचा नाही. बाई मला घ्यायला पुढे आल्या. मी पिशवीत जायला आतुर होतो. पण त्यांनी मला साहेबांकडे सरकवले. "राहू दे तुमच्याकडे. सवय होईल."

मला बाईंची फार आठवण येते. पण रोज सकाळी साहेब पडदा बंद करून साइटचे एकेक पान माझ्यावर तपासतात, अडतात, चरफडतात, आणि मला बरे वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. इतरांसाठी जे बनवाल ते एकदा डोळे मिटून वापरून पाहा. साहेबांनी पाहिले नव्हते. आता रोज पाहतात. सिग्नल अजून टिकटिकतो आहे आणि साइट सुधारायची मला काही घाई नाही.