तळाच्या कण्या

मी एक ओगराळं. पितळेचं, लांब दांड्याचं. तुम्ही मला जेवणावळीत पाहता, पण पंगत उठली की माझी आठवण कोणाला राहत नाही. आज मात्र माझंही ऐकून घ्या.

धुळ्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळींचं छोटं प्रार्थनामंदिर होतं, तिथे मी आलो. मास्तर तोताराम तिथे उपदेश करत. त्यांची बायको वच्छलाबाई सणासुदीला सगळ्यांना जेवू घालायची. दोघंही शेतकरी घरातली. बाप्तिस्मा घेतला म्हणून भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. मंडळीत त्यांच्यासारखी आणखी चार-दोन घरं होती, बाकीचे बरेचसे भिल्ल. सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. ऐकायला फार गोड वाटायचं.

मग पावसाने दगा दिला आणि त्यावर मानमोडीचा ताप आला. घरोघर माणसं मरू लागली. मंदिराच्या अंगणात चूल पेटली. मोठ्या हंड्यात ज्वारीच्या कण्यांची पेज शिजायची आणि माणशी एक ओगराळं वाढलं जायचं. मास्तर अभिमानाने म्हणत, "देवाच्या घरी तोंड पाहून वाढप नाही."

मास्तर भला माणूस, पण त्यांनी आयुष्यात कधी वाढलं नव्हतं. पेज पातळ असली की कण्या तळाशी बसतात. ढवळल्याशिवाय वाढलं तर वर नुसतं पाणी येतं. माप एकच, पण मला वरवर बुडवलं की एक जेवण आणि तळापर्यंत नेलं की दुसरंच. हे वच्छलाबाईला ठाऊक होतं आणि मला.

समोर आपल्या जातीचं माणूस आलं की तिचं मनगट आपोआप खाली जायचं. भिल्लाचं भांडं पुढे आलं की मी वरच तरंगायचो. ती दुष्ट नव्हती. प्रार्थनेत रडायची, दुसऱ्यांच्या आजाऱ्यांचं करायची. आपण काय करतोय हे तिला अर्धं कळत होतं आणि उरलेलं अर्धं तिने कळू दिलं नाही, असं मला वाटतं. मला तिचा राग यायचा. पण दांडा ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीने मला चालावं लागतं.

भिकुबाई नावाची भिल्लीण रोज यायची. तिच्या लहान मुलीचा, सुपडीचा, ताप उतरला होता, पण पोरीला उठून बसवत नव्हतं. आता तिला औषधापेक्षा अन्न हवं होतं.

एकदा भिकुबाईने आपल्या भांड्यात पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, जरासं खालनं दे ना. पोरना अंगमा काहीच ताकद नही."

"बठ्ठासले एकच माप शे, भिकुबाई," सगळ्यांना एकच माप, हे मास्तरांचंच बोलणं वच्छलाबाईने ऐकवलं. "आठे भेदभाव नही."

भिकुबाई पदराखाली ते पाणी धरून निघून गेली. नंतर ती दिसेनाशी झाली.

आठवड्याभरात वच्छलाबाईच तापाने पडली. मास्तरही अंथरुणाला खिळले. चुलीशी उभं राहील असं कोणी उरलं नाही, तेव्हा भिकुबाई परत आली आणि तिने मला उचललं. तिच्या हातचं नको म्हणून शेतकऱ्यांची दोन माणसं रांगेतून निघून गेली. भुकेने त्यांना दुसऱ्या दिवशी परत आणलं. भिकुबाईने त्यांना एका शब्दानेही टोकलं नाही. प्रत्येक भांड्याला ती मला तळापर्यंत घालायची, फिरवायची आणि मग वर उचलायची.

वच्छलाबाई उठून बसण्याजोगी झाली, तेव्हा भिकुबाईने तिच्यापुढेही वाडगा ठेवला. वच्छलाबाईने बोटाने पेज ढवळून पाहिली. ती स्वतः आपल्या माणसांना वाढायची तितक्या कण्या त्यात नव्हत्या. पण होत्या.

"बठ्ठासले इतलंच?" तिने विचारलं.

"हां. बठ्ठासले इतलंच."

वच्छलाबाईने बोट वाडग्याच्या कडेला पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सुपडी कशी शे?"

"गई," भिकुबाई म्हणाली. "तू पडनी, त्याना आधीच गई."

वच्छलाबाईने वाडगा दूर सारला. भिकुबाईने तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

"खाई ले, अक्का. फेकशी ते कोन्ही तरी उपाशी ऱ्हाई."

तिने खाल्लं. असं खाणं मी दुसरं पाहिलं नाही. भिकुबाईने तिला माफ केलं का, ते मला माहीत नाही. दोघींच्या तोंडून त्यावर कधी एक शब्द निघाला नाही.

आता देश स्वतंत्र होणार म्हणतात. मी मंदिराच्या कोठीत खुंटीला लटकतो आहे. दांडा वाकला आहे, कड झिजली आहे. दोघीही केव्हाच गेल्या. नाताळाला मला खाली काढतात आणि दरवेळी नवा हात मला धरतो. बाबांनो, बायांनो, समोर कोण उभं आहे ते मग बघा, आधी मला तळापर्यंत न्या. सुपडी जगली असती तर आज तिची पोरं या रांगेत भांडी घेऊन उभी असती.