आधी दहा ओळी लिही

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण मंडळी, बस येईपर्यंत ऐकायला काय हरकत आहे? सरका जरा बाकावर.

बसची वेळापत्रकं बनवणाऱ्या एका कार्यालयात एक मुख्य प्रोग्रामर होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याची मिशी एवढी लांब, की कॉम्प्युटरवर वाकला की तिची टोकं कीबोर्डवर लोळत. वस्तादाची सगळी भक्ती प्रोग्रामिंगच्या एकाच भाषेवर, जावावर. पायथन या दुसऱ्या भाषेचं नुसतं नाव काढलं, तरी चहात मीठ पडल्यासारखं तोंड करायचा.

त्याच्या हाताखाली सहा महिन्यांच्या बोलीवर एक नवी बाई लागली होती. तिने वेळापत्रकाचा अख्खा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी वस्तादाने फाइल न उघडताच शेरा मारला, 'पायथन. नापास.'

"साहेब, निदान चालवून तरी बघा हो," ती म्हणाली. नोकरी गेली, तर दोन लेकरं घेऊन पुन्हा भावाच्या दारात उभं राहायचं होतं तिला.

"काय बघायचंय? पोरखेळ आहे ती भाषा!"

पण शेऱ्यावर दुसरी सही लागे आक्कांची. आक्का कार्यालयात सगळ्यांत जुन्या. आयुष्यात अकरा भाषा वापरलेल्या, आणि अकराही भाषांना मनापासून शिव्या घातलेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वस्ताद, पायथनमध्ये किती ओळी लिहिल्यास रे आजवर?"

"एकही नाही! लिहीन कशाला?"

"मग पोरखेळ आहे हे कुणी सांगितलं?"

"माझ्या गुरुजींनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या साडूने."

"साडू प्रोग्रामर का?"

वस्तादाने घसा खाकरला. "दातांचे डॉक्टर आहेत."

"शाबास! आधी दहा ओळी लिही, मग करते मी सही."

वस्ताद फणफणत बसला. पहिली ओळ लिहून चालवली, तर चूक! ओळीच्या सुरुवातीला नको ती मोकळी जागा. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच.

"पाहिलंत? नुसती बोंब! जावा असल्या जागांकडे ढुंकूनही बघत नाही!"

नवी बाई चाचरत म्हणाली, "साहेब, जागा तुमची मिशी पाडतेय. टोक स्पेसबारवर आहे."

आक्कांनी कागदांचे दोन चिमटे काढले आणि मिशी कानांमागे अडकवून टाकली. दहा ओळी झाल्या. वीस झाल्या. मग वस्तादाने मुकाट्याने नव्या बाईची फाइल उघडून चालवली. आणि काय आश्चर्य! एकाच ड्रायव्हरला एकाच वेळी दोन बसवर बसवणारी जी चूक त्याच्या जावातल्या प्रोग्राममध्ये त्याला तीन वर्षं छळत होती, ती इथे औषधालाही नव्हती!

वस्तादाने शेरा खोडला. 'पास. कायम करावे.' मग मान वर न करता पुटपुटला, "चालते मात्र जरा हळू."

"आता बोल की!" आक्का सही करत म्हणाल्या. "आता तुला तो हक्क आहे."

तेव्हा नागरिकहो, एवढं ध्यानात ठेवा! भाषा असो नाहीतर माणूस, आधी चार दिवस सोबत काढा, मग खुशाल नावं ठेवा. आणि त्या बाईचं वेळापत्रक एवढं चोख, की तेव्हापासून आपल्या या मार्गावरची एकही बस मिनिटभरसुद्धा उशिरा आलेली नाही!

"खोटं!" खांबाला टेकलेल्या पिशवीवाल्या बाई कडाडल्या. "पाऊण तास झाला, मी इथेच उभी आहे!"