फौजीचं नाक

विहिरीतल्या पाण्याने पेट घेतला, ही बातमी अमडापूरच्या बाजारात पोचायला अर्धा दिवस पुरला. दुसऱ्या सकाळी आमच्या खेड्यात जीपा भरभरून माणसं उतरली. नारळवाले आले, फुगेवाले आले, देऊळघाटकडून एक रसवंतीसुद्धा आली. गावात नव्यानेच आलेल्या ज्योतबाबांनी विहिरीतून बादली ओढली, लांब नेऊन ठेवली, तिच्यात जळता कापूर टाकला आणि भक्क! पाण्यावर जाळ नाचायला लागला.

"विज्ञान झालं फेल, हा तर मायचा खेळ!" बाबा गरजले. माय म्हणजे विहिरीतली देवी. यमक जुळलं की आमच्या लोकांना निम्मं पटतं. उरलेलं निम्मं प्रसाद पटवतो.

शिस्त मात्र कडक होती. विहिरीपासून पन्नास पावलांवर एक सेवेकरी विडी, माचिस, मोबाइल जमा करून घ्यायचा. "काडी ओढसान तं मायची झोप मोडन, कोप होईन!" मी निवृत्ती, रिटायर्ड हवालदार. बावीस वर्षं लष्कराच्या इंधन डेपोत काढली. तिथेही फाटकावर हेच जमा करून घेत. तेव्हा मला काय वाटलं सांगू? केवढी शिस्त! शहाण्याला तेवढ्यावरच उमगलं असतं.

गर्दीतून कचरू म्हणाला, "पेट्रोलचा वास येऊन राह्यला बे."

बाबांनी ते ऐकलं आणि माईक माझ्यापुढे धरला. "ये देखो फौजी! बाईस साल तेल में नहाया हुआ आदमी! सूंघो, हवालदारसाब!"

मी हुंगलं. काहीच आलं नाही.

येणार कुठून? डेपोत पहिल्याच दिवशी शिकवतात, की तेलात नाक पाच मिनिटांत थकतं, वर्षानुवर्षांनी मरतं. म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही, गजावर ठेवायचा. रोज सकाळी टाकीत मापाचा गज सोडायचा. त्याला एक पिवळट मलम लावलेलं असतं, ते पाणी लागेल तिथेच लाल होतं. पेट्रोल हलकं, वर तरंगतं. पाणी तळाशी बसतं. नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. घरात दूध करपलं तरी मला कळत नव्हतं, हे वच्छलाला, माझ्या बायकोला, पक्कं माहीत होतं.

"माझं नाक मेलंय," एवढं म्हणायचं होतं. पण गळ्यात बाबांनी घातलेला हार होता, समोर चारशे माणसं होती. मी माईकवर म्हणालो, "हे पेट्रोल नाही. मी सांगतो."

जयजयकार झाला. त्या दिवसापासून लोक विहिरीचं पाणी तीर्थ म्हणून बिनघोर प्यायला लागले. बाबांवर सगळ्यांचा विश्वास नव्हता, फौजीवर होता.

वच्छला गुडघेदुखीसाठी रोज सकाळी वाटीभर घ्यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले तं वास येते हो. घशात जळजळ होते."

"तीर्थाले नाव ठेवू नको," मी खेकसलो. "तेलातलं मले कळते का तुले?"

तिने वाटी उचलली आणि प्यायली. माझ्या शब्दावर प्यायली. दहाव्या दिवशी उलट्या थांबेनात, तोंड आलं, उभी राहिली की भोवळ. बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखल केलं, तर शेजारच्या दोन खाटांवरही आमच्याच गावचे. तिथे शाळेतल्या महामाया मॅडम भेटायला आल्या. विज्ञान शिकवतात. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "काका, डेपोत तुम्ही नाकानं तपासायचे का?"

"गजानं," मी म्हणालो.

"मंग इथंच काऊन नाकानं तपासलं?"

वच्छलाचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

चिखलीच्या पेट्रोल पंपावरून मलम आणलं. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत लांब बांबूच्या टोकाला हातभर चोपडून तो विहिरीत सोडला. लोखंडी गज नको, ठिणगी उडते. वर काढला तेव्हा खालचं मलम लालभडक झालेलं, आणि त्याच्यावर दोन बोटं पट्टा ओला, पण रंग होता तसाच पिवळट.

"लाल झालं ते पाणी," मी म्हणालो. "वरचं दोन बोटं पेट्रोल."

"ये तो माय का पसीना है!" बाबा ओरडले.

"मंग तुमाले मायच्या घामाची एवढी भीती काऊन?" महामाया मॅडम म्हणाल्या. "माचिस जमा करता, बादली लांब नेऊन पेटवता. विहिरीत साचलेली वाफ पेटली तर काठावरची माणसं भाजतील, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे."

बाबांना यमक सुचलं नाही.

विहिरीच्या वरच्या अंगाला भागवतचं आवार. भंगारात घेतलेली टाकी जमिनीत पुरून तो बाटल्यांनी सुटं पेट्रोल विकायचा. आम्ही सगळेच घ्यायचो, मीही. टाकी गंजली, पेट्रोल मुरमातून झिरपत विहिरीत उतरलं. पाण्याला वास सुटल्यावर लोक आपल्या दारात येणार हे ओळखून त्याने चार दिवसांत बाबा आणला. डेपोत माप दोन बोटं कमी भरलं, तर आम्ही आधी कुंपणाबाहेरच्या उतारावरच्या विहिरी तपासायचो. इथे ते काम माझंच होतं, आणि मी हार घालून उभा होतो.

बाबा दुपारच्या एसटीने गेले. टाकी उकरली तेव्हा तळाला बोट जाईल एवढं भोक निघालं. विहीर बंद झाली. पाणी अजून टँकरने येतं.

त्याच माईकवर मी सांगितलं, "माझं नाक मेलेलं आहे. त्या दिवशी मला काहीच कळलं नव्हतं, तरी मी बोललो." कुणी शिवी दिली नाही. कचरूने नुसतं बघितलं. शिवी परवडली असती.

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की आधी तपासायचं साधन मागा. कोणी मोठा माणूस छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा, तुला कशावरून कळलं? बाबाला विचारा, मास्तरला विचारा, फौजीला तर आधी विचारा. आणि घरातलं माणूस म्हणालं, की काहीतरी चुकतंय, तर त्याला गप्प बसवू नका.

वच्छला घरी आली आहे. अजून जेवण नीट जात नाही. परवा चुलीवर दूध होतं. मी विचारलं, "वास येते का वं काही?"

"येते," ती म्हणाली. "तवाही येतच होता."