तिसऱ्या पायरीवरचे दात

मी एक जुनी लाकडी पाचर आहे आणि मला दातांची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. माझा तर जन्मच दातांमध्ये जाण्यासाठी झाला, मग मी भिऊन जाते कुठे?

मी वीतभरही लांब नाही. एक टोक पातळ, दुसरं जाड, आणि वरच्या अंगाला चढत गेलेल्या आठ पायऱ्या. मला दादांनी घडवलं. दादा सुतार. त्यांची धाकटी बहीण म्हणजे आमच्या ताई. आखडलेल्या, दुखऱ्या जबड्यांना मालीश करणं हे त्यांचं काम. कुणाचं तोंड किती उघडतं ते मोजायला त्यांना काहीतरी हवं होतं. दादांनी कडक लाकडाचा तुकडा घेतला, पायऱ्या कोरल्या, घासून घासून गुळगुळीत केला आणि स्वतःच्या जिभेवरून फिरवून पाहिला. "छकुले, याचं कुसळ कुणाला टोचलं, तर नाव बदलीन," असं म्हणून त्यांनी मला ताईंच्या हातात दिलं. ताईंना तेव्हा चाळिशी लागली होती, पण दादांच्या लेखी त्या छकुलीच होत्या.

खिडकीजवळच्या मान टेकायच्या खुर्चीत रोज नवी माणसं येऊन बसत. दिवसभर लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकणारी मुलगी यायची. बसचा चालक यायचा. शाळेच्या मुख्याध्यापिका यायच्या, त्या तर बोलतानाही दातओठ खात. कुणाचा कान ठणकायचा, कुणाचं कपाळ, कुणाची धडधाकट दाढ. ताई मला नवी पातळ रबरी टोपी चढवत आणि समोरच्या दातांत हलकेच सरकवत. जिथे अडेल तिथे थांबायचं, हा नियम. मग गालावर गरम टॉवेल, कानापुढे दोन बोटं, हातमोजा घातलेला अंगठा गालाच्या आतून. "दाताला दात लावून बसू नका. ओठ मिटलेले, दात सुटे," असं त्या प्रत्येकाला बजावत. अर्ध्या तासाने मला परत आत घालत. चौथ्या पायरीचं तोंड पाचवीपर्यंत उघडलेलं असे. लोक म्हणत, ताईंच्या हाताला गुण आहे. माझंही कौतुक होई.

पण आत काय असतं ते मलाच ठाऊक. अंधार, गरम वाफ, वर दात, खाली दात. एकदा मी आत असतानाच बसचालकाला शिंक आली. तो प्रसंग आठवला की अजून माझ्या रेषा उभ्या राहतात. एक मात्र मी शिकले. ताणाने आखडलेला स्नायू आधी थरथरतो, मग दमतो, मग सुटतो. प्रत्येक तोंडात असंच होतं, म्हणून मी कशीबशी धीर धरून राहायचे.

एके सकाळी दादाच गाल धरून आले.

"घास चावताना जबडा अडतोय गं."

"झोपेत दात खात असशील. वहिनीला विचारलंस का?"

"तुझ्या वहिनीने माझं डोकं खाल्लंय. मला दात खायला सवड कुठे?"

दोघं हसली. मी पाचव्या पायरीवर अडले. मालीश झाल्यावरही पाचवीवरच. दुसऱ्या दिवशी चौथी. तिसऱ्या दिवशी मान ताठली. "ताण खाली उतरलाय," म्हणत ताईंनी मानही चोळली. पण मित्रांनो, तो स्नायू थरथरत नव्हता आणि दमतही नव्हता. फळीसारखा होता. ताईंचं बोट लागलं की सुटायच्या ऐवजी उलट आवळायचा.

चौथ्या दिवशी दादांना पाणी गिळेना, ते ओठांच्या कडेने ओघळत होतं. ओठांची टोकं ताणून वर गेली होती.

"हसतोस काय?" ताई वैतागल्या.

"हसत नाहीये गं," दादा दातांतून म्हणाले.

ताईंनी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण इतक्या लोकांचे जबडे सोडवले आणि सख्ख्या भावाचा सुटत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. "आज तिसरी पायरी ओलांडायचीच," म्हणत त्यांनी मला रेटलं. स्वतःचाच नियम मोडला. माझं पातळ टोक जिभेवरून मागे गेलं आणि घशाला लागलं. एरवी माणूस उमळतो, तोंड वासतो, मला बाहेर ढकलतो.

दादांचे दात मिटले.

कट् असा आवाज झाला. तो माझाच होता. दादांची मान मागे वळली, पाय ताठ झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दात काही केल्या उघडेनात. मी त्यांच्याच हातची, आणि आता त्यांच्याच दातांत चिरत होते. मला वाटलं, आम्ही दोघंही संपलो.

बऱ्याच वेळाने पकड ढिली पडली. ताईंनी मला बाहेर काढलं. रबर फाटलं होतं आणि तिसऱ्या पायरीवर दोन खोल खुणा उमटल्या होत्या.

"मुद्दाम चावलास?"

"तोंड माझं ऐकत नाही गं."

ताईंचा हात एकदम गार पडला. मला तो कळला, कारण मी त्याच हातात होते. "दादा, कुठे लागलंय का तुला? खिळा, पत्रा, काहीही?"

दादांनी नजर चुकवली. "मी सुतार आहे. सुताराच्या पायात खिळा जातो का?"

"दादा!"

"दहा दिवस झाले. चपलेतून आरपार. धुतला, फडकं बांधलं. सांगितलं असतं तर सगळी आळी हसली असती मला."

ताईंनी मला एप्रनच्या खिशात कोंबलं आणि दादांना गाडीत घालून इस्पितळ गाठलं. तिथे डॉक्टरांनी माझ्यावरच्या खुणा पाहिल्या, दादांचा पाय पाहिला आणि शांतपणे विचारलं, "किती दिवस मालीश करताय?"

"चार."

"धनुर्वात आहे. जखमेतून शिरलाय. आता त्यांना हात लावू नका. साध्या स्पर्शानेही झटका येईल."

दादांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. आवाज नको, उजेड नको. घशात श्वासाची नळी. बाहेरच्या बाकावर ताई बसून असायच्या. कुणाच्या हातून भांडं पडलं, तरी आतल्या यंत्राची टिकटिक भराभर वाढायची आणि ताई डोळे मिटून घ्यायच्या. वहिनी एकदाच बोलल्या, "चार दिवस तुझ्याच हाताखाली होते ना गं हे?" ज्या हातांना लोक नावाजत, ते हात ताई मांडीखाली दाबून बसत. मी खिशात होते. भाऊ वाचेल की जाईल, एवढाच विचार त्यांच्या मनात होता, आणि माझ्याही.

तेवीस दिवसांनी नळी निघाली. त्यानंतर आणखी काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आता बघा हलक्या हाताने." दादा हाडांचा सापळा होऊन उशीला टेकले होते. ताईंनी हात पुढे केला, पण गालाजवळ जाऊन तो थांबला. पुढे जाईचना. तेव्हा दादांनीच तो हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. "दाब की," ते म्हणाले, "मेलो नाही मी अजून." ताई ओक्साबोक्शी रडल्या. हात मात्र तिथून हलला नाही.

माझा उपयोग तिथेच संपला. चिरलेली पाचर कुणाच्या तोंडात घालणार? आता मी खुर्चीसमोर खिळ्याला लटकते. अंगावर धूळ बसते. नवा माणूस आला की ताई त्याला हात लावण्याआधी विचारतात, कुठे काही टोचलंय का, गिळायला जड जातंय का, मान ताठलीय का? लोक वैतागतात. "दुखतोय जबडा, आणि तुम्ही पाय काय बघताय?" तेव्हा ताई माझ्याकडे बोट दाखवतात. अजूनही कुणी गाल धरून दारात उभं राहिलं, की मला धडकी भरते.

मित्रांनो, त्या चार दिवसांत हा साधा ताण नाही हे मला कळत होतं आणि मला एक शब्दही काढता आला नाही. दादांना खिळ्याचं ठाऊक होतं आणि ते लाजले. मी लाकूड आहे, माझा नाइलाज होता. तुम्हाला तोंड आहे. पायात खिळा गेला, काटा मोडला, पत्रा लागला, कुणी कितीही हसलं, तरी त्याच दिवशी घरी सांगा. दात उघडतायत तोवर सांगा.