तेलाऐवजी संत्री

सराव. सराव. हा फक्त सराव आहे.

रेडिओवर प्रत्येक निरोपाआधी एवढं म्हणायचंच. नाहीतर अलास्काच्या या किनाऱ्यावर ऐकणाऱ्याला वाटायचं, पुन्हा खरंच तेलाचं जहाज फुटलं.

धुकं. धुक्यात पारास्केवाची मासेमारीची बोट. बोटीमागे समुद्रावर संत्री, तेल समजून सोडलेली, प्रत्येकावर काळ्या शाईचा आकडा. तेल जसं वाहील तशीच म्हणे ही वाहतात.

"तुमच्या खाडीत नाही यायची," बोटीत तिच्याशेजारी उभा हॅडली म्हणाला. देशाचा तेलगळतीचा आराखडा नव्याने आखायला तो राजधानीहून आला होता. "प्रवाह बाहेर जातो. तेल अडवायचे तरंगते बांध थोडेच आहेत, बाई. तेल पोचतं तिथेच लावणार."

"प्रवाहाला सांगितलंत का तसं?"

खाडीत हेरिंग मासे अंडी घालत होते. पाणी दुधाळ झालं होतं. आराखड्यात खाडी नसली, तर खऱ्या दिवशी तिथे बांध घेऊन कुणीही येणार नव्हतं.

या, पारास्केवा मनात म्हणाली. या गं बायांनो, माझ्याकडे या.

मग तिने जीभ चावली. कुणाला बोलावत होती ती?

संत्री भूशिरापाशी रेंगाळली. वळली. वळली का? धुक्याने ती एकेक करून विझवली.

सराव. सराव. खाडी रिकामी. एकही संत्रं नाही, ओहोटी लागल्यावर खाडीत शिरून पारास्केवाने रेडिओवर कळवलं.

हॅडलीने नकाशाची घडी घातली.

तेवढ्यात किनाऱ्याकडून संत्र्यांचा वास आला. खडकावर एव्डोकिया मावशी बसली होती, भोवती सालीच साली. पारास्केवाने बोट काठाला लावली.

"मावशी! काय खातेस?"

"समुद्राने धाडलीत. म्हाताऱ्यांच्या घरी आधी वाटून आले. ये, तुलाही ठेवलंय."

"अगं, त्यांच्यावर आकडे होते ना!"

"मला वाटलं, किंमत. दुकानापेक्षा स्वस्तच होती."

हॅडली हसला, मग थांबला. "आजी, ती इथेच सापडली हे कशावरून? साली काही बोलत नाहीत."

"पहिलं आम्ही उचलत नाही. ते समुद्राचं," मावशी उठली. "चल, दाखवते. पाय जपून टाक रे, अंडी आहेत."

ओहोटीच्या उथळ पाण्यात, अंड्यांनी पांढऱ्या झालेल्या शेवाळात ते एकटं संत्रं डुलत होतं. हॅडली वाकून आकडा वाचत राहिला. मग गुडघ्यावर नकाशा पसरून त्याने खाडीभोवती लाल रेघ ओढली.

"पहिला बांध इथे. झालं तुमच्या मनासारखं, बाई."

झालं होतं. पारास्केवाने अंड्यांकडे पाहिलं. म्हणजे तेलालाही इकडची वाट ठाऊक होती.

तिने संत्र्याकडे हात नेला. मावशीने मनगट धरलं. "राहू दे, पोरी."

"उचलत नाही. लांब तरी घालवू दे."

तिने तळव्याने पाणी ढकललं. संत्रं थोडं दूर गेलं, गोल फिरलं. पाण्याने ते अलगद परत अंड्यांत आणून ठेवलं.