पुसायला कोणी धजेना

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. वयाने तसा फार नाही, पण सोसण्याने जुना. दिवेआगरच्या अलीकडे, माडांच्या सावल्या जिथे थेट वाळूत उतरतात, तिथे इसहाकचाचांच्या पडवीत मी टांगलेला असतो.

त्याआधी मी फणस होतो, याच अंगणातला. २०२० च्या वादळाने मला मुळासकट आडवं केलं आणि माझ्यासोबत सगळ्या वाडीच्या पोफळी झोपवल्या. दत्तात्रेय सुतार मला कापायला आला तेव्हा चाचा म्हणाले, "चुलीत नको घालूस त्याला. त्याला शिकवून शहाणं करू." मग मला रंधा लागला. करवंट्यांचा कोळसा वाटून माझ्या अंगाला फासला. झाड मेलं की संपतं, असं मला वाटायचं. मी तर अक्षरांसाठी जन्माला आलो होतो.

नव्या पोफळीला सुपारी धरायला वर्षं लागतात. तोवर खायचं काय? म्हणून गावातल्या बायकांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे येत लांबलांबचे आणि बोलत इंग्रजी. चाचांची उमर कुवेतच्या एका हॉटेलात गेलेली. दुपारी हातात सुपारी सोलायला घेऊन बायका पडवीत जमू लागल्या आणि चाचा खडू उचलू लागले.

सगळ्यांत पुढे मनुबाई बसायची. शेजारची, धिटाईची. पहिल्याच दिवशी ती एका पाहुण्याला म्हणाली होती, "वॉटर, फ्रिज इन." पाहुणा हसला नाही, पण तिची सून रुचिका हसली. तेव्हापासून मनुबाई हट्टाला पेटली.

चाचा सांगत, "अगो, मांडवाचे खांब कितीही जाड असूदे, काथ्यानं बांधल्याशिवाय मांडव उभा राहतो काय? इंग्रजीत इन, अ‍ॅट, फॉर ही बारकी अक्षरं म्हणजे काथ्या. आपण ती शब्दाच्या मागं बांधतो, ते पुढं बांधतात." मग ते माझ्यावर लिहीत. लुक अ‍ॅट मी, म्हणजे माझ्याकडे बघ. लुक फॉर मी, म्हणजे मला शोध. लुक आफ्टर मी, म्हणजे मला सांभाळ.

मनुबाई सुपारी सोलायची थांबली. "म्हंजे बघणं तेच. मधला एवढासा दाणा बदलला, की मानूस बघनाऱ्याचा सांभाळनारा होतो?"

"व्हय," चाचा म्हणाले, "आणि दाणा गळला तर नुसता टकामका बघत राहतो."

खाटेखालून कोंबडी निघाली की चाचा सगळ्यांकडून म्हणवून घेत, "आउट फ्रॉम अंडर द कॉट." रोज मी पांढरा होई, रोज पुसला जाई. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

आणि मग ती सकाळ आली. चाचा माझ्यावर लिहीत होते, 'होल्ड ऑन टु', म्हणजे घट्ट धरून राहा. पुढचं अक्षर आलंच नाही. खडू खाली घसरत गेला, घसरतच गेला. मला वाटलं, चाचा गंमत करतायत. मग त्यांचा हात माझ्या कडेवरून सुटला आणि ते जमिनीवर कोसळले. रुचिका रिक्षासाठी धावली. त्यांची बीवी कुलसुमचाची त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

चाचा घरी परतले ते अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात गळ्यात बांधून. त्यांना सगळं कळत होतं, पण शब्द गेले होते. पाणी हवं असलं की ते तांब्याकडे बघत, ओठ हलवत आणि मग डोळे मिटून घेत. ज्यांनी सगळ्या आळीला बोलतं केलं, त्यांच्या तोंडून एक शब्द निघेना. मी लाकूड आहे, मित्रांनो, पण त्या दिवसांत मी आतून हादरलो होतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा. पण गावात आजाऱ्याची अदब असते. माणसं येत, सलाम करत, हळू आवाजात आपापसात बोलत. चाचांशी कोणी बोलत नसे, त्यांना त्रास नको म्हणून. आणि मला कोणी पुसत नसे. गुरूचं शेवटचं अक्षर कसं पुसायचं? बायका येत, माझ्यापुढे हात जोडत. रुचिका माझ्या चौकटीत झेंडूचं फूल खोवून जाई. धूळ बसू नये म्हणून चाची माझ्यावर ओढणी टाकी, आणि वाऱ्याने ती रोज सरके. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. इतका रिकामाही मी कधी नव्हतो.

पनवेलहून मुलाचा, मुआजचा फोन आला. "शुक्रवारी नमाजनंतर गाडी घेऊन येतो. अब्बांना नेतो, तूही चल. घराला कुलूप लावू." चाचीने फोन स्पीकरवर ठेवला होता. चाचांनी ऐकलं. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. त्यांना जायचं नव्हतं, पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी मनुबाई आली तेव्हा ओढणी सरकलेली होती. चाचा माझ्याकडे पाठ करून बसायला धडपडत होते. मनुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्यावरच्या त्या घसरलेल्या रेघेकडे.

"चाची, हे रोज त्येंच्या डोळ्यांसमोर टांगलंय व्हय?"

आणि ओलं फडकं घेऊन तिने मला खसाखसा पुसलं. फूलसुद्धा पडलं.

"मनुबाय," चाची कशीबशी म्हणाली, "हे काय केलंस तू?"

"मानूस पडलं ती जागा कोन राखून ठेवतं, चाची? सारवून घेतो आपन." मनुबाईने फडकं पिळून वाळत टाकलं. मग ती चाचांसमोर बसली. "चाचा, तुम्हांला सांगितलं न्हाय कधी. तुमचे धडे मला पाठ होत न्हाईत. मी ते घरी जात्याच्या चालीवर म्हनते." आणि डोळे मिटून ती गाऊ लागली:

"लुक अ‍ॅट मी गं बाई, बघ माझिया मुखाला
लुक फॉर मी गं सये, हुडक माझ्या पावलाला
लुक आफ्टर मी गं माय, जप माझिया जिवाला"

दुसऱ्यांदा ती शेवटची ओळ आली तेव्हा तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. फाटका, घोगरा. "...आफ्टर... मी..."

चाचीच्या हातातलं सूप पडलं. सुपाऱ्या पडवीभर घरंगळल्या आणि कोणी त्या उचलायला वाकलं नाही. चाचा स्वतःच दचकले होते. आपल्याच ओठांना बोटं लावून बघत होते.

साधं बोलायला सांगितलं की शब्द येत नव्हता. चाल लावली की येत होता. असं कसं, ते मला ठाऊक नाही. बायका मात्र रोज गाऊ लागल्या, आणि रुचिका रोज मला पुसून नवी ओळ लिहू लागली.

शुक्रवारी मुआज आला. बॅगा बांधल्या गेल्या. त्याने चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "अब्बा, चला."

चाचांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, अडकले. मनुबाई दारातून म्हणाली, "चाचा, चाल धरा." चाचांनी डाव्या तळव्याने खुर्चीवर ठेका धरला. आणि जात्याच्या त्या चालीवर, जी ओळ कोणी शिकवली नव्हती, कोणी लिहिली नव्हती, ती म्हटली:

"गो... विदाउट... मी..."

मुआजच्या हातातली बॅग खाली आली. कित्येक महिन्यांनंतर तो बापाचा आवाज ऐकत होता.

"मुआजभाऊ," मनुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "चाचांनी तुम्हांला इंग्रजीत घराबाहेर काढलं."

मुआज पायरीवर मटकन बसला. हसू की रडू, त्याला कळेना. लहान मुलासारखं त्याने विचारलं, "आणि मी, अब्बा?"

चाचांनी पुन्हा ठेका धरला. "कम... बॅक... टु मी..."

तो दर शुक्रवारी येतो आता. घराला कुलूप लागलं नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला देव्हाऱ्यात बसवून गप्प करू नका. आजारी माणसाशी बोला, चुकलं तरी बोला. आणि माझ्यासारखा एखादा फळा तुमच्याकडे असेल, तर त्याला फूल वाहू नका. ओलं फडकं घ्या. मला जपायचं असेल, तर मला पुसा.