भुईमुगातली डुकरीण

डॉक्टर ब्रॅडन टॉलिव्हर पहिल्याच दिवशी माझ्या मनातून उतरला. उतरला तरी कसला, कधी चढलाच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसाल की आता याचं त्याच्याबद्दलचं मत बदलेल. ते बदललेलं नाही.

माणूस डॅलसमधला. पोरांच्या दातांना तारा लावून दात सरळ करण्याचा त्याचा धंदा. त्याने आमच्या कोबर्नजवळ तीनशे एकर रान घेतलं आणि त्याच आठवड्यात हॅट, बूट आणि रुंद बक्कलचा पट्टाही घेतला. बुटांना शेण म्हणून कधी लागलं नाही. त्या रानात आमच्याकडच्या सगळ्यांच्या रानात असतात तशी डुकरं होती. बाकीच्यांना ती म्हणजे वैताग, पण या गृहस्थाला वाटलं की आपल्याला खजिनाच सापडला.

मी लायल मातुश्का. गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे, मागच्या खोलीत बंदुकांची दुरुस्ती करतो. काउंटर बायको सांभाळते, नेल्डा. मे महिन्यात एके दिवशी डॉक्टर ट्रेलरवर कोरी बग्गी घालून दारात आला. बग्गी म्हणजे शेतातून, ओढ्यातून हिंडायची ती छोटी उघडी मोटार, वर नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा.

"लायल, दोस्ता," तो म्हणाला. मी त्याचा दोस्त कधी झालो, देव जाणे. "मला छतावर दोन खुर्च्या हव्यात. गोल फिरणाऱ्या."

"कशाला?"

"वरून मारायला. रात्री. राजासारखं बसून."

"डॉक्टर, गाडी अरुंद आहे. डोक्यावर दोन माणसं चढवलीत तर पहिल्याच उतारावर आडवी होईल."

"मग चाकं बाहेर काढ. तू कलाकार आहेस असं ऐकलंय मी."

नेल्डा काउंटरमागून म्हणाली, "खुर्च्यांना गाद्या कुठल्या रंगाच्या हव्यात, डॉक्टर?" ती टिंगल करत होती. तो गंभीरपणे म्हणाला, "चॉकलेटी."

मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगतो, काम मला आवडलं. माणूस मूर्ख असला तरी लोखंड मूर्ख नसतं. मी चाकं दोन्ही बाजूंना चार-चार इंच बाहेर काढली, स्प्रिंगा बदलल्या, पिंजऱ्याला चौकोनी नळ्यांचे आडवे दांडे जोडले आणि खुर्च्या जितक्या खाली बसवता येतील तितक्या खाली बसवल्या. दिव्यांसाठी दुसरी बॅटरी घातली, म्हणजे रात्रभर दिवे जाळले तरी गाडी सुरू व्हायला अडचण नको. इंजिनाचा आवाज निम्म्यावर आणला. रायफली उभ्या ठेवायला पुढे दोन खाचा केल्या, आतून रबर लावलेल्या, नळी आभाळाकडे राहील अशा. एकही जोड असा नव्हता ज्यावरून बोट फिरवलं तर अडेल.

मग डॉक्टरने आपली यादी काढली. बर्फाची पेटी, गाण्यांचे भोंगे, गाडीच्या पोटाखाली हिरव्या दिव्यांची माळ. दारावर त्याने डॅलसहून रंगवून आणलं होतं, सुळेवाली कवटी आणि खाली 'डुकरांचा कर्दनकाळ'. तोपर्यंत त्याने एकही डुक्कर मारलेलं नव्हतं.

रायफलींची कथा याहून वाईट. दोन सारख्या रायफली, दोन्हींवर अंगातली ऊब दाखवणाऱ्या दुर्बिणी. अंधारात जे गरम असेल ते या दुर्बिणीत पांढरं दिसतं, बाकी सगळं काळं. वस्तू उत्तमच होत्या. पण दुर्बिणी त्याने स्वतः बसवल्या होत्या, बोटांनी पिळून. मी एक हलवली तर ती हातात खुळखुळली.

"तुम्ही पोरांच्या तोंडातल्या तारासुद्धा अशाच बसवता का?" मी विचारलं.

तो खो खो हसला. अपमान समजायलाही थोडं डोकं लागतं.

मी सगळे स्क्रू मोजून आवळले आणि आम्ही माझ्या मागच्या कुरणात नेम बसवायला गेलो. शंभर यार्डांवर पुठ्ठा लावला आणि त्यावर हात शेकायची गरम पुडी चिकटवली, म्हणजे दुर्बिणीत मधोमध पांढरा ठिपका दिसतो. मी सांगितलं होतं, डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब ठेवा. डॉक्टरने तो जवळजवळ आतच घातला. पहिल्या बाराला रायफल मागे आली आणि त्याच्या भुवईवर चंद्रकोर उमटली. रक्त नाकावरून ओघळलं. त्याने आधी स्वतःचा फोटो काढला, मग रुमाल मागितला.

नेम शेवटी मीच बसवला. पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतका घट्ट. रायफली त्याच्या हातात देताना मी म्हणालो, "नीट ऐका. यात प्राणी दिसत नाही, ऊब दिसते. ती कुणाची आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही."

"कळलं, कळलं."

"आणि निघायच्या आधी शेजाऱ्यांना फोन. मिस्टर ऑटोला तर नक्कीच."

"करतो ना, दोस्ता."

मिस्टर ऑटो म्हणजे ऑटो वीडरस्टाइन. डॉक्टरच्या कुंपणापलीकडे त्याचा भुईमूग. वय अठ्ठ्याहत्तर. डुकरांनी त्या वर्षी त्याचं पेरलेलं बी ओळीने उकरून खाल्लं होतं, माणसाने खुरप्याने काढावं तसं. त्याने दुसऱ्यांदा पेरणी केली होती आणि त्याबद्दल कुणापाशी एक शब्द काढला नव्हता.

जूनच्या एका शनिवारी डॉक्टरने आपल्या मेहुण्याला बोलावलं आणि गाडी चालवायला मला. मेहुण्याचं नाव हार्लन. तोही दातांचाच डॉक्टर. अंधार पडायच्या आत त्याने बर्फाची पेटी निम्मी रिकामी केली होती.

"मिस्टर ऑटोला फोन केला?" मी विचारलं.

"हो, हो."

दोघे वर चढले. डॉक्टरने गाणी लावली. मी बंद केली. त्याने पोटाखालची हिरवी माळ लावली. मी तीही बंद केली.

"अरे, मजा घालवू नकोस!" वरून आवाज आला.

"डुकरांना कान असतात, डॉक्टर."

दोन तास फिरलो. डुकरं नव्हती. डुकरं काय वेडी आहेत? जत्रेची गाडी येताना त्यांनी मैलभरावरून ऐकली असणार आणि ओढ्याच्या काटेरी झाडीत शिरून ती झोपली असणार. हार्लन वरच्या खुर्चीत घोरायला लागला. मला घरी जायचं होतं. मी गाडी मिस्टर ऑटोच्या कुंपणाकडून वळवत होतो, तेवढ्यात डॉक्टरने छतावर टाच आपटली.

"थांब! डुकरीण! आणि सोबत पिल्लू!"

मी इंजिन बंद केलं आणि माझी हातातली, तशीच ऊब दाखवणारी दुर्बीण डोळ्याला लावली. कुंपणापलीकडे पाणी शिंपडणारा चाकांवरचा लांब सांगाडा उभा होता. एरवी तो रात्रभर शेतातून हळूहळू फिरत असतो, आज जागच्या जागी थांबलेला. त्याच्या एका चाकापाशी चार पायांवर वाकलेला मोठा पांढरा गोळा होता आणि शेजारी एक लहान गोळा. मोठा मातीत तोंड खुपसून होता. अंतर पावणेदोनशे यार्ड.

आणि आता जे सांगतो ते मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "नेम खांद्यामागे धरा."

हो. मीच म्हणालो. मला झोप येत होती, मला त्या माणसाचा कंटाळा आला होता, आणि मला ते डुक्करच दिसलं.

वर सेफ्टीचा खटका सरकल्याचा बारीक आवाज आला. त्याच क्षणी त्या डुकरिणीने पुढचा एक पाय उचलला आणि डोक्यावर नेला. डोकं एकदम लख्ख पांढरं झालं, विजेचा दिवा लागावा तसं. तिने टोपी काढली होती. टक्कल होतं ते.

मी सीटवर कधी उभा राहिलो ते आठवत नाही. पुढे काच नव्हती. छताबाहेर आलेली रायफलीची नळी मी दोन्ही हातांनी धरून वर ढकलली आणि बार माझ्या डोक्यावर उडाला. गोळी आभाळात गेली. माझ्या उजव्या कानात शिटी वाजायला लागली, ती आजही कधीकधी वाजते. हार्लन जागा झाला आणि म्हणाला, "लागलं का?"

"वेडा झालास का!" डॉक्टर ओरडला. "एवढी मोठी डुकरीण!"

"डुकरीण टोपी काढत नाही, डॉक्टर."

शेतातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. पिल्लू भुंकत होतं. मग म्हातारा आवाज आला, अगदी शांत. "कोण आहे तिकडे?"

डॉक्टर खाली वाकून माझ्या कानाशी कुजबुजला. "जाऊ या इथून. काही झालं तर नाही ना. माझा दवाखाना आहे, लायल. माझं नाव आहे."

मी दोन्ही रायफली काढून घेतल्या, रिकाम्या केल्या, गोळ्या खिशात घातल्या आणि गाडी कुंपणाच्या फाटकातून आत घेतली.

मिस्टर ऑटो चिखलात गुडघ्यांवर होता. सांगाड्याच्या चाकाची दातेरी चक्रांची पेटी अडकली होती आणि पाणी थांबलं होतं. दुसऱ्यांदा पेरलेला भुईमूग त्या उन्हात दोन दिवस पाण्याविना टिकला नसता, म्हणून तो रात्रीच आला होता. टॉर्च विझल्यावर हातांनी चाचपत काम करत होता. शेजारी त्याची कुत्री, कान उभे करून.

"बार कुणाचा?" त्याने विचारलं.

"सर, आम्ही डुकरांच्या मागावर होतो आणि..." डॉक्टरने सुरुवात केली.

"तुमच्यावर होता," मी म्हणालो. "तुम्हाला डुक्कर समजलो."

म्हाताऱ्याने डॉक्टरकडे पाहिलं. "मला कळवलं होतंस?"

"घरच्या फोनवर निरोप ठेवला होता, सर."

"मी घरी नव्हतो. इथे होतो." मग त्याने गाडीवरून नजर फिरवली, खुर्च्या, भोंगे, कवटी, आणि बाजूला थुंकला. "त्या तमाशावर दिवे आहेत ना? इकडे वळवा. आणि तू, डॉक्टर. गुडघ्यांवर ये. हा पाना धर. सोडू नकोस."

डॉक्टर टॉलिव्हर त्या नव्या बुटांसकट चिखलात बसला आणि तासभर पाना धरून राहिला. पाना जरा ढिला पडला की म्हातारा नुसतं "हं" म्हणायचा. पेटी सुटली, चाक हललं आणि पाणी सुरू झालं ते थेट डॉक्टरच्या मानेवर. मिस्टर ऑटोने आभार मानले नाहीत. टोपी घातली आणि कुत्रीला घेऊन चालत निघून गेला.

यानंतर डॉक्टर सुधारला असं वाटत असेल तर तुम्ही असली माणसं पाहिलेली नाहीत. आठवडाभराने तो गावातल्या खाणावळीत पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही खात सांगत होता की म्हाताऱ्या शेजाऱ्याचं पीक त्याने रात्री जागून वाचवलं. ऐकणारे मान डोलवत होते. मी गाडीचं पुढचं काम करणार नाही म्हटल्यावर त्याने ती दुसऱ्या गावच्या दुकानात नेली. तिथे त्याने खुर्च्या आणखी उंच करून घेतल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या रात्रीनंतरच्या रविवारी सकाळचं. मी मिस्टर ऑटोच्या घरी गेलो. तो ओसरीत कॉफी पीत होता. मला बस म्हणाला नाही.

"मिस्टर ऑटो, मी माफी मागायला आलोय."

"त्याने का नाही मागितली?"

"तो मूर्ख आहे."

"ते मलाही दिसलं." त्याने कप खाली ठेवला. "दुर्बीण कुणी बसवली?"

"मी."

"नेम?"

"मी."

"त्याच्या हातात ती वस्तू द्यावी असा तो माणूस होता का?"

मी खांद्यामागे धरा म्हटल्याचंही सांगून टाकलं. तो म्हणाला, "महिनाभर तू त्याला हसत होतास, असं नेल्डा चर्चमध्ये सांगत होती. तो मूर्ख होता, त्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं आणि तू गाद्यांचे रंग विचारत होतास."

ते नेल्डाने विचारलं होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग त्याने ओढ्याच्या दिशेला बोट दाखवलं. "मला तिथे कोंडवाडा हवाय. जाळीचा, गोल, वरून पडणारं फाटक. करशील?"

मी दोन दिवसांत केला. तो रोज मका टाकत गेला, फाटक उघडंच ठेवून, डुकरं बिनधास्त आत येऊन खाऊन जाईपर्यंत. तीन आठवड्यांनी त्याने दोरी ओढली. पहाटे मला बोलावणं आलं. आत एकोणीस डुकरं जाळीला धडका देत होती, माझे जोड टिकले होते. त्याने जुनी बारीक रायफल आणली होती, दुर्बीण नसलेली. उजाडेपर्यंत थांबला आणि मग एकेकाला एकेक गोळी, कानामागे. घाई नाही, बोलणं नाही. मला त्याने जाळीपाशी उभं केलं होतं. मी मान वळवली की म्हणायचा, "बघ."

संपल्यावर त्याने रायफल पुसली. मी मेलेली डुकरं ट्रॅक्टरच्या खोऱ्यात भरू लागलो. त्याने कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "पुरून झालं की फाटक पुन्हा वर अडकवून ठेव, वेल्डर."

त्याआधी तो मला नावाने हाक मारायचा. चाळीस वर्षं मारत होता. त्या दिवसापासून त्याने माझं नाव घेतलेलं नाही.